थांबलेल्या बालरथाला ओलांडून जावं का?

गोव्यातल्या साखळीहून रोज कारने पणजीला नोकरीला जाणाऱ्या एका वाचकाचं बालरथाविषयी, म्हणजे आपल्याकडच्या सरकारी योजनेतल्या शाळेच्या बसविषयी, पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"सकाळी सातला घरातून निघतो. आमोणे पुलावरून खांडोळा, माशेल, बाणस्तारी करत पणजी गाठतो. वाटेत पुढे बालरथ सापडला की संपलंच, घटकेघटकेला थांबतो. गेल्या आठवड्यात एका शाळेच्या जवळ बालरथ मुलं उतरवत उभा होता. समोरून कोणी येत नव्हतं, म्हणून मी उजवीकडून गाडी काढली. तेवढ्यात बसच्या तोंडापुढून एक मुलगी धावत रस्त्यावर आली. ब्रेक लागले, मुलगी वाचली. पण बसमधल्या अटेंडंट बाईने सगळ्यांसमोर मला वाटेल ते सुनावलं. रात्री न्यू जर्सीच्या मेहुण्याला सांगितलं, तर तो म्हणाला, 'आमच्याकडे असतास तर लायसन्सवर बेतलं असतं.' माझा प्रश्न सरळ आहे. थांबलेल्या स्कूल बसला ओलांडू नये असं आपल्या कायद्यात कुठे लिहिलंय का? नसेल तर माझं चुकलं काय? आणि मी थांबलो तर मागचे हॉर्न मारून जीव नकोसा करतात, त्यांचं काय करायचं?

ता. क. माझी मुलगी दुसरीत आहे, तीही बालरथनेच येते. दुपारी आमचे बाबा स्कूटर घेऊन तिला आणायला जातात. बस पलीकडच्या बाजूला थांबते. बाबा अलीकडे झाडाच्या सावलीत उभे राहून तिला हाक मारतात. हे ठीक आहे ना?"

नमस्कार. ती मुलगी सुखरूप आहे, हे वाचून आधी हायसं वाटलं. तुमचे ब्रेक वेळेवर लागले, म्हणून आज आपण नियमांविषयी बोलू शकतो आहोत.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. स्कूल बस थांबली की मागच्या आणि समोरच्या सगळ्या गाड्यांनी थांबलंच पाहिजे, असा अमेरिकेसारखा स्वतंत्र नियम आपल्या मोटार वाहन कायद्यात नाही. पण एवढ्यावरून तुम्ही त्या सकाळी नियमात होता असा अर्थ काढू नका. मला तरी तसं दिसत नाही, आणि का ते पुढे सांगते.

मेहुण्यांचं म्हणणं मात्र खरं आहे. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत, स्कूल बसचे लाल दिवे लुकलुकत असतील आणि तिच्या कुशीतला 'स्टॉप' लिहिलेला फलक बाहेर आलेला असेल, तर तिला ओलांडून जाणं गुन्हा आहे. लाल दिव्यांच्या आधी बस पिवळे दिवे लावते, म्हणजे मागच्याला कळतं की आता ही थांबणार. न्यू जर्सीत मागून येणाऱ्याने आणि समोरून येणाऱ्यानेही बसपासून निदान २५ फूट, म्हणजे साडेसात मीटर, अलीकडे थांबायचं असतं. मधे दुभाजक असेल तर पलीकडून येणाऱ्याला थांबावं लागत नाही, पण वेग ताशी १० मैल, म्हणजे १६ किलोमीटरवर आणावा लागतो. हा नियम मोडणाऱ्याला दंड तर होतोच, शिवाय लायसन्सवर गुण चढतात. 'लायसन्सवर बेतलं असतं' म्हणजे हेच.

आपल्याकडे गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १८ नोव्हेंबर १९९७ ला दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ विद्यार्थी गेले. त्या धक्क्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बससाठी बंधनं घातली, आणि पुढे देशभर त्याच धर्तीवर नियम होत गेले. बसचा रंग पिवळा हवा, पुढे-मागे 'स्कूल बस' लिहिलेलं हवं, भाड्याची असेल तर 'ऑन स्कूल ड्यूटी' हवं, खिडक्यांना आडवे गज हवेत, दार नीट बंद व्हायला हवं, चालक अनुभवी हवा, सोबत अटेंडंट हवा, प्रथमोपचाराची पेटी हवी, वेगाला लगाम हवा. हे सगळं गरजेचंच आहे. पण बघा, ही सगळी बंधनं बसवर आहेत. तिच्या मागून येणाऱ्या तुमच्या-माझ्या गाडीने काय करायचं, हे कोणी तितक्या ठळकपणे सांगितलंच नाही. म्हणून तुमच्यासारखा शहाणासुरता माणूसही विचारतो की लिहिलंय कुठे.

थोडं थोडं लिहिलेलं आहे, पण वेगवेगळ्या जागी. मोटार वाहन चालन विनियम, २०१७ मध्ये चालकाच्या कर्तव्यांत स्पष्ट म्हटलं आहे की पायी चालणारे, सायकलवाले, मुलं, वृद्ध आणि अपंग यांच्या सुरक्षिततेची विशेष काळजी चालकाने घ्यायची. त्याच विनियमांप्रमाणे शाळांच्या आसपास वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर जाता कामा नये, वेगळा फलक असेल तर गोष्ट वेगळी. झेब्रा क्रॉसिंगवर सिग्नल नसेल तर पहिला हक्क पायी जाणाऱ्याचा. रस्त्याच्या मधोमध अखंड रेघ असेल तर ती ओलांडायची नाही. वळणावर, चढणीच्या माथ्यावर, पुढचं दिसत नसेल तिथे ओव्हरटेक करायचा नाही.

आता तुमची ती सकाळ यावर लावून बघा. जागा शाळेजवळची होती. मुलं उतरत होती, तुम्हाला दिसत होती. तुम्ही वेग लिहिलेला नाही, पण ब्रेक 'लागले' हा शब्द तुम्ही ज्या रीतीने वापरला आहे, त्यावरून २५ च्या आत नसावा असं मला वाटतं. त्या जागी मधली रेघ अखंड होती की तुटक, हे पुढच्या वेळी जाताना बघून ठेवा. कायद्याचं कलम १८४ धोकादायक रीतीने गाडी चालवण्याबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणं त्यात नाव घेऊन आलं आहे. पहिल्या गुन्ह्याला ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हे वाढलेले दंड गोव्यात १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. नुसत्या जास्त वेगाबद्दल कलम १८३ खाली कारला १,००० ते २,००० रुपयांचा तालांव, म्हणजे चलान, वेगळा. आणि ब्रेक अर्ध्या सेकंदाने उशिरा लागले असते, तर प्रकरण तालांवाच्या पार पुढे गेलं असतं. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे न्यायाधीशासमोर "स्कूल बसला ओलांडू नये असं लिहिलेलं नव्हतं" हे वाक्य कुणाच्याही कामाला येत नाही.

दंडाचे आकडे दिले, कारण तुम्ही कायदा विचारलात. पण मला खरं बोलायचं आहे ते त्या बसच्या तोंडापुढच्या जागेविषयी.

सहा-सात वर्षांचं मूल बसच्या पुढ्यातून चालत निघालं की मागच्या गाडीला ते बिलकूल दिसत नाही. त्याला तुमची गाडी दिसत नाही. जवळून गेलं तर बसच्या चालकालाही ते काचेखाली दिसेलच असं नाही. तिघांपैकी कोणालाच काही दिसत नाही, आणि बसचा कोपरा ओलांडून ते पाऊल टाकतं तेव्हा तुमच्या बंपरमध्ये आणि त्याच्यात दोन-तीन मीटर उरलेले असतात. आता हिशेब करा. ताशी ५० च्या वेगात गाडी एका सेकंदात १४ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. ब्रेक दाबल्यावर कोरड्या रस्त्यावर आणखी तेवढंच अंतर लागतं. म्हणजे जवळजवळ २८ मीटर. तीन बालरथ एकामागे एक उभे केले तरी त्याहून जास्त. ताशी २५ ने हेच अंतर ११ मीटरच्या आसपास येतं. दोन-तीन मीटरसाठी तेही पुष्कळ झालं. ताशी दहाच्याही खाली, माणूस चालतो तितक्या गतीने गेलात, तरच त्या कोपऱ्यावर थांबणं शक्य आहे. आणि एवढ्या हळूच जायचं असेल तर तीस-चाळीस सेकंद मागे उभं राहण्यात काय जातं?

हे सगळं कोरड्या रस्त्याचं. जूनमध्ये पहिले पाऊस पडतात तेव्हा रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ वर येते, डांबर निसरडं होतं, आणि ताशी ५० चं ते अंतर चाळीस मीटरच्या घरात जाऊ शकतं. त्याच दिवसांत मुलांच्या डोक्यावर रेनकोटची टोपी असते. त्या टोपीतून मुलाला फक्त समोरचं दिसतं, बाजूचं काही नाही. वर पाठीवर दप्तर, हातात छत्री, आणि बाजूच्या गटाराला पाणी, म्हणून मूल कडेने न जाता रस्त्याच्या आत सरकून चालतं. आपले साखळी, माशेल, वाळपई, सांगे, केपेकडचे रस्ते असे की कडेला पायवाट नाहीच. एका अंगाला घराचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, दुसऱ्या अंगाला भाट, म्हणजे माडांची बागायत. मुलाने चालायचं कुठे, तर तुमच्या चाकांच्या रेषेत.

म्हणून माझा सल्ला असा. दोन पदरी, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर बालरथ किंवा कुठलीही शाळेची गाडी मुलं चढवायला-उतरवायला थांबली असेल, तर तिच्या मागे थांबा. ती हलेपर्यंत थांबा. आपला कायदा हे शब्दांत सांगत नसला, तरी त्याच्या सगळ्या तुकड्यांची बेरीज हीच होते.

थांबताना बसला चिकटून थांबू नका. गाडीची दोन लांबी तरी मागे राहा. जवळ गेलात की बसची पाठ सोडून काही दिसत नाही. लांब राहिलात तर बसच्या दोन्ही अंगांना नजर पोचते. आणखी एक सवय लावून घ्या: बसच्या पोटाखालून बघा. पलीकडे बुटांचे पाय दिसले, तर तिथे मूल आहे. हे करायला क्षणभर लागतो.

रस्ता ओलांडायला उभ्या असलेल्या मुलाला हाताने "जा, जा" अशी खूण करू नका. आपण चांगुलपणाने करतो, पण तुम्ही थांबलात म्हणून मागचा थांबेलच असं नाही. मागून एखादा स्कूटरवाला तुमच्या उजवीकडून सुसाट निघतो, आणि तुमच्या खुणेवर विश्वास ठेवून निघालेलं मूल नेमकं त्याच्या पुढ्यात येतं. तुम्ही फक्त उभे राहा, मागच्याला कळावं म्हणून ब्रेकचे दिवे लागलेले ठेवा, आणि मूल कधी ओलांडेल ते अटेंडंटला ठरवू द्या.

स्कूटरवाल्यांचा विषय निघालाच आहे, तर तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट सांगते, कारण हे सदर दुचाकीवालेही वाचतात. बस थांबली की कितीतरी जण उजवीकडे न जाता डावीकडून घुसतात. बस आणि गटार यांच्यामधल्या हातभर जागेतून. बसचं दार कुठे असतं? डावीकडे. मूल पायरीवरून खाली पाय टाकतं, तो सरळ चाकापुढे. उजवीकडून ओलांडणाऱ्याला निदान एखादा क्षण तरी मिळतो, इथे तोही नाही. डावीकडून ओव्हरटेक करायला कायद्यात सूट आहे ती मुख्यतः पुढची गाडी उजवीकडे वळत असेल तेव्हा. मुलं उतरत असलेल्या बसच्या दाराकडून जायला कसलीच सूट नाही. भाड्याच्या स्कूटर घेऊन फिरणाऱ्या पाहुण्यांना हे ठाऊक नसतं असं मानू, पण रोज याच रस्त्याने जाणाऱ्या आपल्या पोरांना तर ठाऊक आहे.

तुम्ही समोरून येत असाल तर? माशेलसारख्या अरुंद रस्त्यावर थांबा. बस जिथे उभी आहे त्याच्या पलीकडे, तुमच्या बाजूला, कोणी पालक किंवा घराच्या दारात आजी उभी दिसली, तर मूल तुमच्याच पुढून धावणार हे नक्की धरून चाला. जुन्या गोव्यापासून पणजीकडे किंवा पर्वरीला मधे दुभाजक असलेल्या रस्त्यावर पलीकडच्या बससाठी थांबायची गरज नाही. वेग मात्र तिथेही उतरवा, कारण दुभाजकाच्या फटीतून उडी मारणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. चौपदरी रस्त्यावर बस तुमच्याच बाजूला असेल, तर दुसऱ्या पदरातून अगदी हळू, पाय ब्रेकवर ठेवून जाता येतं. मुलं रस्ता ओलांडायच्या बेतात दिसली तर तिथेही थांबा.

आणि पिवळा रंगच शोधत बसू नका. गोव्यात कितीतरी मुलं साध्या व्हॅनमधून, रिक्षातून, कदंबच्या सरकारी बसमधून शाळेला जातात. गणवेशातलं मूल ज्या गाडीतून उतरतं, ती त्या घटकेला शाळेचीच गाडी.

आता मागच्या हॉर्नवाल्यांचं. हा त्रास खरा आहे, तो मी कमी लेखत नाही. पाठीमागे तीन गाड्या कर्कश हॉर्न मारायला लागल्या की भल्याभल्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर जातो. पण हॉर्न मारणाऱ्याच्या हातात काय आहे? तो तुम्हाला ढकलू शकत नाही. मूल चाकाखाली आलं तर पंचनाम्यात त्याचं नाव नसतं, तुमचं असतं. शाळेपासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र धरलं जातं, आणि गरज नसताना किंवा मनाई असलेल्या जागी हॉर्न वाजवल्याबद्दल कलम १९४ फ खाली पहिल्या वेळी १,००० आणि पुढच्या वेळी २,००० रुपये दंड आहे. म्हणजे तिथे कायदा मोडतो आहे तो हॉर्नवाला. तुम्ही खिडकीतून हात बाहेर काढून पंजा खाली-वर करा, 'हळू' ही खूण सगळ्यांना कळते. बालरथ दिसताच आधीपासून वेग कमी करत आणलात, तर मागच्याही गाड्या आपोआप हळू होतात आणि हॉर्नही कमी वाजतात. झटकन थांबणाऱ्याच्या मागेच जास्त कल्लोळ होतो.

वेळेचं म्हणाल तर बालरथ तुमच्या वाटेवर पाच-सहा वेळा थांबला आणि दर वेळी अर्धं मिनिट गेलं, तरी तीन मिनिटं होतात. सातला निघता ना? सातला पाच कमी असताना निघा. ओव्हरटेक करून वाचवलेली ती तीन मिनिटं तुम्ही बाणस्तारीला पुढच्या रांगेत उभे राहून परत देताच.

अटेंडंट बाईने सगळ्यांसमोर सुनावलं, याचं तुम्हाला लागलं आहे, हे पत्रातून दिसतं. चारचौघांत अपमान झाला की लागतंच. पण तिच्या जागी उभं राहून बघा. दोन डझन मुलं तिच्या हवाली आहेत. तिच्या अंगावर खाकी नाही, हातात शिट्टी नाही, तालांव फाडायचा अधिकार नाही. गाड्या थांबवायला तिच्याकडे आहे तो फक्त हात आणि आवाज. बालरथचे चालक आणि अटेंडंट तुटपुंज्या पगारासाठी आंदोलनाला बसलेले आपण पाहिले आहेत. ज्या मुलीला तिने दोन क्षणांपूर्वी हात धरून खाली उतरवलं, ती तुमच्या बंपरपुढे दिसल्यावर तिच्या तोंडून गोड शब्द कसे निघावेत? तुमची वाट रोज तीच आहे. उद्या-परवा बस थांबलेली दिसली की मागे थांबा, आणि नजरानजर झाली तर मान हलवून तिला ओळख द्या. बोलावं असं वाटलं तर "त्या दिवशी माझं चुकलं, बाई" एवढं पुरेल. तुमच्या मुलीच्या बसमध्येही अशीच एक बाई आहे.

मुलीवरून आठवलं. तुम्ही ता. क. म्हणून शेवटी जे विचारलंत, ते माझ्या लेखी तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. नाही, ते ठीक नाही. आणि ते आजच बदलायला हवं.

लहान मुलाचा मेंदू एका वेळी एकाच गोष्टीला धरून असतो. येणारी गाडी किती लांब आहे आणि किती वेगात आहे, हे जोखणं मोठ्यांनाही चुकतं, दुसरीतल्या मुलीला तर ते जमतच नाही. चार तास शाळेत बसून ती दमलेली आहे, भुकेली आहे, आणि बसमधून उतरताच तिला रस्त्यापलीकडून आजोबांची हाक ऐकू येते. त्या क्षणी तिच्यासाठी रस्ता उरतच नाही, फक्त आजोबा उरतात. ती बसच्या पुढून धावते. आजोबांना वाटतं, मी बघतोय ना! पण त्यांना बसच्या आडून येणारी गाडी दिसत नाही, आणि दिसली तरी रस्त्याच्या या काठावरून ते काय करणार? ओरडले, तर मूल रस्त्याच्या मधोमध थबकतं, आणि मधोमध थबकणं धावण्याहून वाईट. त्या सकाळी तुमच्या गाडीपुढे आलेली मुलगीही अशीच कोणाची तरी हाक ऐकून किंवा फाटकाशी उभी मैत्रीण बघून धावली असेल.

बाबांना सांगा, की त्यांनी स्कूटर सावलीत ठेवावी, पण स्वतः रस्ता ओलांडून पलीकडे, बसचं दार ज्या बाजूला उघडतं त्या बाजूला जाऊन उभं राहावं. बस यायच्या आधीच. हाक अजिबात मारू नये. मुलीचा हात धरावा, मनगटाला धरलं तर अधिक चांगलं, आणि बस पूर्ण निघून जाईपर्यंत दोघांनी कडेला उभं राहावं. बस गेली की रस्ता दोन्ही बाजूंनी लांबवर दिसतो. मग ओलांडावा. उन्हात दोन मिनिटं उभं राहावं लागेल, त्याला इलाज नाही. छत्री न्यावी.

बाबांना हे सांगायचं कसं, हाही प्रश्न आहेच. "तुमचं चुकतंय" असं म्हणालात तर ते दुखावतील, आणि जुन्या माणसाला आपण नातीला सांभाळू शकत नाही असं वाटलं तर ते फार लागतं. त्यांना तुमची ती सकाळ सांगा. ब्रेक कसे लागले, मुलगी किती जवळ होती, सगळं सांगा. लपवलं असेल तर आता सांगा. ऐकल्यावर ते स्वतःहूनच पलीकडे जाऊन उभे राहतील, असं मला वाटतं. आणि येताना नात मागे बसते तेव्हा तिच्याही डोक्यावर तिच्या मापाचं हेल्मेट हवं. ४ वर्षांवरच्या प्रत्येकाला ते कायद्याने बंधनकारक आहे, वाट कितीही जवळची असली तरी.

शाळेशीही बोला. बालरथची वाट ठरवताना कोणता थांबा रस्त्याच्या कोणत्या बाजूला यावा, हे बऱ्याचदा सवयीने पडून गेलेलं असतं. येताना बस उलट दिशेने येत असेल, किंवा एखाद्या तिठ्यावर वळून तुमच्या बाजूने येऊ शकत असेल, तर तुमच्या वाड्यावरच्या मुलांना रस्ता ओलांडावाच लागणार नाही. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हा विषय काढा. थांबा वळणावर किंवा पुलाच्या तोंडाशी असेल, तर तो पन्नास-शंभर पावलं पुढे-मागे सरकवायला सांगा. शाळेजवळ त्रिकोणी फलक नसेल, झेब्रा पट्टे पुसले गेले असतील, तर पंचायतीकडे लेखी अर्ज द्या, आणि ग्रामसभेत तो वाचून घ्या म्हणजे इतिवृत्तात नोंद राहते. पंचायतीकडून तो सार्वजनिक बांधकाम खात्याला आणि वाहतूक पोलिसांना जातो. एकट्याच्या अर्जापेक्षा दहा पालकांच्या सह्या असलेला अर्ज लवकर हलतो.

हे सगळं व्हायला महिने लागतील. तोवर एक काम उद्याच करा. मुलीच्या बसच्या अटेंडंटला भेटा आणि सांगा, की आमचे बाबा दाराशी उभे दिसल्याशिवाय हिला खाली उतरवू नका. तिचा नंबर बाबांच्या मोबाईलमध्ये घालून द्या, बाबांचा तिला द्या. बाबांना यायला उशीर झाला, तर मुलीने बसमध्येच बसून राहायचं आणि बस शेवटच्या थांब्यावरून परतताना उतरायचं, हे चालकाशी बोलून ठरवून घ्या, आणि मुलीलाही दोनदा समजावून सांगा, म्हणजे आजोबा दिसले नाहीत तर ती घाबरणार नाही.